शखेममधले तीन दिवस: हाताखालच्या माणसांना दिलेल्या एका उत्तराचा अभ्यास

शलमोन राजाचा मुलगा रहबाम याच्याकडे लोक आले तेव्हा त्यांनी बंड पुकारलेले नव्हते. हे आधीच नीट पाहून घ्यायला हवे, कारण हा प्रसंग सांगताना बहुतेक वेळा नेमके तेच सुटते. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात लिहिले आहे की सर्व इस्राएल लोक शखेमला जमले होते ते त्याला राजा करायला. माणसे घरून निघाली तीच मुळी 'हा आपला राजा' असे म्हणण्याच्या तयारीने. फक्त त्याआधी त्यांची एक विनंती होती. तुमच्या वडिलांनी आमच्यावर भारी जू ठेवले, ते कष्ट आणि ते जू आता हलके करा, म्हणजे आम्ही तुमची सेवा करू.

रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. तीन दिवसांनी त्याने उत्तर दिले आणि बारा वंशांपैकी दहा वंश निघून गेले, ते कायमचे. इ.स.पू. ९३० च्या सुमाराची ही घटना. युद्ध झाले नव्हते, दुष्काळ पडला नव्हता, परका राजा चालून आला नव्हता. एका वरिष्ठाने हाताखालच्या माणसांना दिलेले एक उत्तर, एवढेच घडले होते.

आमच्या मंडळीत ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात अशांच्या बैठकीत आम्ही हे प्रकरण अनेकदा घेतले आहे. शाळेचे मुख्याध्यापक, परिचारिकांच्या प्रमुख, कारखान्यातले पर्यवेक्षक, घरी कामाला माणसे ठेवणारी कुटुंबे. 'दयाळूपणे वागा' हे सगळ्यांना पाठ असते. मला या प्रसंगात रस आहे तो वेगळ्या कारणाने. दयाळूपणा नेमका कोणत्या क्षणी हातातून निसटतो, हे इथे दिवसागणिक दिसते.

जू म्हणजे काय होते

'भारी जू' हा नुसता वाक्प्रचार समजून पुढे गेलो तर लोकांची तक्रार कुरकुरीसारखी वाटते. पण १ राजे पुस्तकात त्या ओझ्याचा हिशेबच दिलेला आहे. शलमोनाने सर्व इस्राएलातून वेठीला माणसे लावली, ती ३०,०००. त्यांतली १०,००० पाळीपाळीने दर महिन्याला लबानोनात लाकडे तोडायला जात. एक महिना तिकडे, दोन महिने घरी. त्याशिवाय ओझी वाहणारे ७०,००० आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. त्यांच्यावर ३,३०० मुकादम.

एक महिना तिकडे आणि दोन महिने घरी, ही पाळी कागदावर बरी दिसते. एखाद्या शेतकऱ्याच्या घरातून पाहिली की ती वेगळी दिसते. वर्षाच्या बारा महिन्यांतले चार महिने घरातला कर्ता माणूस नाही. त्याचा महिना कापणीचा आला तर कापणी बायकोने आणि मुलांनी करायची. तो परत येतो तेव्हा खांदे सोलवटलेले असतात, आणि थोडे दिवस जात नाहीत तोच पुढची पाळी मोजायला सुरुवात होते. हे एका वर्षाचे नव्हते. परमेश्वराच्या मंदिराला सात वर्षे लागली, त्यानंतर राजाच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. ही वीस वर्षे झाली. शिवाय यरुशलेमचा तट, हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथली बांधकामे वेगळी.

आणखी एक भार होता. राजाच्या घराला अन्न पुरवण्यासाठी देश बारा कारभाऱ्यांकडे वाटून दिला होता आणि प्रत्येकाने वर्षातला एक महिना सांभाळायचा होता. एका दिवसाची गरज १ राजे ४ मध्ये दिली आहे: सपीठ ३० कोर (कोर हे धान्याचे जुने माप), पीठ ६० कोर, १० पुष्ट बैल, कुरणातले २० बैल, १०० मेंढरे, आणि वर हरणे, सांबरे, पोसलेले पक्षी. एका दिवसाची.

शमुवेल संदेष्ट्याने हे पुष्कळ आधी सांगून ठेवले होते. लोकांनी राजा मागितला तेव्हा तो म्हणाला होता की तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेते घेईल, गुरे घेईल, आणि तुम्ही त्याचे दास व्हाल. 'घेईल' हे क्रियापद त्या भाषणात पुन्हा पुन्हा येते. शखेमला आलेल्या लोकांच्या बापजाद्यांनी ते ऐकले होते, आणि त्यांनी स्वतः ते भोगले होते.

असे असूनही त्यांनी जू 'काढा' म्हटले नाही. 'हलके करा' म्हटले. या दोन शब्दांतले अंतर वरिष्ठाच्या लक्षात आले असते तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला वाटते. काम करायला ते तयार होते, राजाही त्यांना हवा होता. असह्य झाले होते ते ओझ्याचे प्रमाण.

कोण होता रहबाम

तो राजा झाला तेव्हा ४१ वर्षांचा होता, आणि त्याच्या बापाने ४० वर्षे राज्य केले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरेच कळते. शलमोन गादीवर बसला तेव्हा रहबाम तान्हे मूल होता. राजवाड्याबाहेरचे जग त्याने कधी राहून पाहिलेलेच नाही. रोजचे ते ३० बैल त्याने ताटात पाहिले, कुणाच्या गोठ्यातून जाताना पाहिले नाहीत. मंदिराचे दगड रचलेले पाहिले. ते फोडणारे हात पाहिले असतील, पण दुरून.

त्याला वाईट माणूस म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही. पुढे उत्तरेवर, म्हणजे निघून गेलेल्या दहा वंशांवर, चढाई करायला त्याने १,८०,००० निवडक योद्धे जमवले आणि शमाया संदेष्ट्याने येऊन 'आपल्या भाऊबंदांशी लढू नका' असा परमेश्वराचा निरोप दिला, तेव्हा त्याने तो ऐकला आणि सैन्य परत फिरवले. इतक्या मोठ्या अपमानानंतर जमवलेली फौज माघारी पाठवणे सोपे नसते. आपल्या मुलांना तटबंदीच्या शहरांत पांगवून त्यांची भरपूर सोय लावण्याचा शहाणपणाही २ इतिहासात नोंदवलेला आहे. म्हणजे ऐकून घेणे त्याला जमत होते, उदारपणाही त्याच्याकडे होता. शखेममध्ये समोर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत तो पोचला नाही, इतकेच. ज्यांना आपण 'आपले' म्हणतो त्यांच्याशी आपण बहुतेक जण दयाळूच असतो.

दोन सल्ले

तीन दिवसांची मुदत घेणे चूक नव्हती. उलट विचार करायला वेळ घेणारा वरिष्ठ बरा. ते दिवस त्याने कुणाबरोबर घालवले हे महत्त्वाचे.

आधी तो वडीलधाऱ्यांकडे गेला. शलमोन जिवंत असताना त्याच्यापुढे उभे राहिलेली ही माणसे. जू कसे चढत गेले ते त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांचे म्हणणे असे की, आज तू या लोकांचा सेवक झालास, त्यांची सेवा केलीस आणि त्यांच्याशी गोड शब्दांत बोललास, तर ते सर्वकाळ तुझे सेवक होतील. हे १ राजे १२:७ मध्ये आहे. तोच प्रसंग २ इतिहास १०:७ मध्ये येतो तिथे शब्द थोडे बदलतात. 'सेवक झालास' ऐवजी तिथे 'या लोकांशी दयेने वागलास आणि त्यांना संतुष्ट केलेस' असा अर्थ आहे. एकच सल्ला दोन लेखकांनी ऐकला. एकाला त्यात 'सेवा' ऐकू आली, दुसऱ्याला 'दया'. आपल्या भाषेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दया वरून खाली येते, सेवा खालून केली जाते. मला वाटते, शास्त्रात त्या एकमेकींच्या जागी येऊ शकतात यातच ख्रिस्ती माणसाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अधिकारी म्हणून मी केलेली दया ही उपकाराच्या भाषेत बोलू लागली की ती सेवा राहत नाही, आणि मग समोरच्याला ती दया म्हणूनही लागत नाही.

मग तो आपल्याबरोबर लहानाचे मोठे झालेल्या मित्रांकडे गेला. मूळ इब्री मजकुरात त्यांच्यासाठी 'पोरे' असाच शब्द आहे, जरी ते त्याच्याच वयाचे, चाळिशीचे असणार. इथे एक बारीक गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांना त्याने विचारले ते असे की, या लोकांना उत्तर द्यायला तुम्ही काय सल्ला देता. मित्रांना विचारताना तो म्हणतो, आपण यांना काय उत्तर द्यावे? मराठीत ते 'आपण' असेच येईल. एका शब्दात कळते की कोण आतले आणि कोण बाहेरचे. निर्णय तिथेच झाला होता. सल्ला नंतर आला.

मित्रांचा सल्ला सर्वांना माहीत आहे. सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे. बापाने भारी जू ठेवले, मी ते आणखी भारी करीन. बापाने आसुडांनी शिक्षा केली, मी विंचवांनी करीन.

या मित्रांपैकी एकालाही लबानोनला जायचे नव्हते. सल्ला चुकला तर त्यांच्या खांद्यावर काहीच वाढणार नव्हते. वडीलधाऱ्यांनी निदान ती माणसे पाहिली होती. पण ज्यांच्या खांद्यावर ते जू होते त्यांच्यात जाऊन, लबानोनची पाळी कशी असते, दगडाच्या खाणीत काय होते, असे त्या तीन दिवसांत रहबामाने विचारल्याचे कुठेच लिहिलेले नाही. ती माणसे तिथेच होती. तीन दिवस वाट पाहत.

इथे मला माझे सांगावे लागेल

मी एका विभागाची प्रमुख होते. हाताखाली नऊ जणी. त्यांतल्या एकीने एके दिवशी अर्ज आणून टेबलावर ठेवला. रात्रपाळ्या सलग सहा येत होत्या, त्या चार कराव्यात एवढीच मागणी. अर्जाची घडी पुन्हा पुन्हा उघडून मिटल्यासारखी मऊ पडली होती. म्हणजे तो बरेच दिवस पर्समध्ये राहिला असणार. ती म्हणाली, "मॅडम, जमलं तर बघा."

माझ्या मनात पहिले वाक्य उमटले ते असे: आमच्या वेळी आम्ही आठ केल्या. मी ते बोलले नाही. "बघते," म्हणाले, आणि दोन दिवस मागून घेतले. मग मी विचारले ते माझ्याच पदावरच्या दोघींना. त्या म्हणाल्या, एकीला दिलंस की उद्या नऊ जणी दारात. मला ते पटले, कारण मला तेच ऐकायचे होते. बाकीच्या आठ जणींना मी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून मी नियम सांगितला, आणि वर म्हणाले, "नाही झेपत तर तसं लिहून दे." तिने अर्ज उचलला, त्याच घडीवर पुन्हा घडी घातली आणि "नको मॅडम, राहू दे" म्हणून गेली. त्यानंतर दीड वर्ष ती माझ्या हाताखाली होती. कामात कधी कसूर केली नाही. पण पुन्हा माझ्याकडे काहीही मागायला आली नाही. आजारी असतानासुद्धा नाही.

रहबामाचा अध्याय त्याआधी मी कितीतरी वेळा वाचला होता. त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर पहिल्यांदा कळले की तो माझ्याबद्दल आहे. "नाही झेपत तर तसं लिहून दे" हे वाक्य विंचवासारखेच होते, आवाज मात्र हळू होता.

उत्तर आणि अदोराम

तिसऱ्या दिवशी रहबाम कठोरपणे बोलला. त्याचे शब्द पुन्हा वाचले तर दिसते की करंगळीचे वाक्य त्याने गाळले. जू आणि विंचू तेवढे ठेवले. बहुधा चारचौघांत ते बोलायला त्यालाही जड गेले असेल. मित्रांच्या घोळक्यात जे सहज बोलले जाते ते थकलेल्या माणसांच्या तोंडावर बोलवत नाही. तेवढी लाज त्याच्यात होती. पण ती एका वाक्यापुरतीच कामाला आली.

त्या दिवशी त्याने कुणालाही फटका मारलेला नाही. एक आसूडही उचलला गेला नाही. फक्त धमकी दिली गेली. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिताना धन्यांना एकच गोष्ट मुद्दाम सोडायला सांगितली आहे: धमकावणे सोडून द्या, कारण त्यांचा आणि तुमचा धनी स्वर्गात आहे आणि त्याच्यापाशी पक्षपात नाही (६:९). मारू नका, असे तो म्हणाला असता तर रोमी साम्राज्यातल्या पुष्कळ धन्यांना आपण सुटलो असे वाटले असते. त्याने त्याआधीच्या पायरीवर बोट ठेवले. ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे त्याची नुसती धमकीही अंगावर वळ उठवते. नोकरी जाण्याचे सूचक वाक्य, मुलाला शाळेतून काढण्याचा इशारा, 'बघून घेईन' असे न बोलता तसे बघणे, या सगळ्याला पौलाचे ते वचन लागू होते.

लोकांनी उत्तर ऐकले आणि म्हणाले, दावीदात (रहबामाच्या आजोबाच्या घराण्यात) आमचा काय वाटा? इस्राएला, आपापल्या डेऱ्यांकडे चला.

पुढे जे झाले ते या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे, आणि प्रवचनांत तो फार कमी वेळा येतो. रहबामाने लोकांकडे अदोरामाला पाठवले. हा अदोराम वेठबिगारीवरचा अधिकारी. दावीदाच्या कारभाऱ्यांच्या यादीत वेठीवर हेच नाव आहे, आणि शलमोनाच्या यादीत अदोनीराम म्हणून तेच येते. तो एकच माणूस असेल तर त्या दिवशी तो चांगलाच म्हातारा असणार. ज्यांनी ओझ्याबद्दल तक्रार केली त्यांची समजूत घालायला ओझे लादणाऱ्या खात्याचा प्रमुख गेला. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. दगड फोडायला लावलेल्या माणसांनी दगडच उचलले.

आणि राजा? घाईघाईने रथात बसून यरुशलेमला पळाला.

अदोरामही रहबामाच्या हाताखालचाच माणूस होता. हुकूम मानून गेला आणि मेला. त्याच्याबद्दल फार कणव वाटावी असे त्याचे काम नव्हते, तरी त्याच्या मरणाचा हिशेब राजाच्याच नावावर पडतो. कठोर वरिष्ठ स्वतः क्वचित समोर जातो. तो मधल्या माणसाला पाठवतो. त्या मधल्या माणसाला खालचे लोक शत्रू समजतात आणि वरचा माणूस ढाल समजतो. ज्या संस्थांमध्ये कडक नोटीस नेहमी कुणा दुय्यम माणसाच्या सहीने निघते, तिथे मला हटकून अदोराम आठवतो. 'नाही' म्हणायची वेळ आली तर ते स्वतःच्या तोंडाने म्हणणे, हीसुद्धा मधल्या माणसावरची दयाच आहे.

बैठकीत निघालेले आक्षेप

पहिला नेहमीचा: असे ऐकत बसलो तर शिस्त राहणार नाही. मी वर म्हटलेच आहे की लोकांनी जू काढायला सांगितले नव्हते. रहबामाला करता येण्याजोगे पुष्कळ होते. मंदिर झाले होते, वाडा झाला होता. तीन महिन्यांतली एक पाळी सहा महिन्यांतून एक करता आली असती. अदोरामाला त्या जागेवरून हलवता आले असते. 'माझ्या वडिलांच्या काळात तुम्हांला फार सोसावे लागले' एवढे एक वाक्य तरी बोलता आले असते, आणि त्याला खजिन्यातून काही काढावे लागले नसते. शिस्त मोडली ती उत्तरानंतर. त्याआधी तीन दिवस ती माणसे सांगितल्याप्रमाणे थांबली होती आणि सांगितलेल्या दिवशी परत आली होती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एका मुख्याध्यापकांनी तो मांडला. वडीलधाऱ्यांचा सल्ला तरी निर्मळ होता का? आज गोड बोल, मग ते कायमचे तुझे सेवक होतील. हा तर सौदा झाला. मला हे मान्य करावे लागले. 'आज' आणि 'सर्वकाळ' या दोन शब्दांत हिशेब डोकावतो. दयेने वागलो की माणसे टिकतात, काम चांगले होते, हे खरे असेलही, पण तेवढ्यासाठी केलेली दया ही चांगली व्यवस्था असते. प्रभू येशूने शिष्यांना जे सांगितले ते याच्या पलीकडे जाते. परराष्ट्रीयांचे अधिकारी त्यांच्यावर धनीपण करतात, तुमच्यात तसे नसावे, जो तुमच्यात पहिला होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास व्हावे (मार्क १०:४२-४५). तिथे 'आज' नाही, आणि 'मग ते तुमचे होतील' हेही नाही. उलट पुढचेच वाक्य मनुष्याच्या पुत्राने आपला जीव खंडणी म्हणून देण्याबद्दल आहे. वडीलधाऱ्यांचा सल्ला त्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जातो. रहबामाला अर्धी वाटही लांब वाटली.

तिसरा आक्षेप शास्त्र नीट वाचणाऱ्याने घ्यावाच असा. १ राजे १२ चे १५ वे वचन म्हणते की ही गोष्ट परमेश्वराकडून घडली, अहीया शिलोनी या संदेष्ट्याच्या तोंडून, पुढे त्या दहा वंशांचा राजा झालेल्या यराबामाला सांगितलेले खरे व्हावे म्हणून. अहीयाने नव्या झग्याचे बारा तुकडे करून दहा यराबामाच्या हाती दिले होते. मग रहबामाचा दोष तो काय? पण तेच वचन सुरू होते ते 'राजाने लोकांचे ऐकले नाही' असे म्हणत. देवाची योजना पुढे नेण्यात माझा कठोरपणा वापरला गेला, म्हणून तो कठोरपणा देवाचा होत नाही. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएल लोकांना गुलाम करणाऱ्या फारो राजाच्या बाबतीतही हेच आहे, आणि ती आठवण इथे अगदी जवळ आहे. मोशे आणि अहरोन सुटी मागायला गेले तेव्हा फारो म्हणाला, हे आळशी आहेत, आणि त्याने गवत न देता तेवढ्याच विटा पाडायला लावल्या. ओझे हलके करा म्हटले की ओझे वाढवायचे. इस्राएलाचा राजा शखेममध्ये उभा राहून फारोसारखा बोलत होता. ज्या लोकांचा देव 'मी तुम्हांला दास्यगृहातून काढले' अशी स्वतःची ओळख करून देतो, त्या लोकांच्या राजाने असे बोलावे! लेवीय २५:४३ मध्ये आपल्या भावावर कठोरपणे सत्ता चालवू नको असे म्हटले आहे, आणि तिथला 'कठोरपणा' हा इब्री शब्द निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरी लोकांच्या जुलमासाठी आलेला आहे. निर्दय वरिष्ठ म्हणजे मिसरात परत गेलेला माणूस.

तक्रार करणारे फार सज्जन होते का, असेही कुणीतरी विचारते. नव्हते. त्यांच्या पुढे असलेला यराबाम एके काळी शलमोनाच्याच हाताखाली योसेफाच्या घराण्याच्या कामावर मुकादम होता, आणि राजा झाल्यावर त्याने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे उभी केली. पण म्हणून त्या दिवशीची त्यांची तक्रार खोटी ठरत नाही. बायबलमधला ईयोब या बाबतीत फार सरळ बोलला आहे. माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध गाऱ्हाणे आणले आणि मी ते तुच्छ मानले, तर देव उठेल तेव्हा मी काय करू? ज्याने मला गर्भात घडवले त्यानेच त्यालाही घडवले ना? (३१:१३-१५). गाऱ्हाणे आणणारा चांगला होता की नव्हता, याचा त्याने विचारच केलेला नाही.

नंतर

राज्याच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक चालून आला. यराबामाला आसरा देणारा तोच. त्याने मंदिरातला आणि राजवाड्यातला खजिना नेला, शलमोनाने केलेल्या सोन्याच्या ढालीही नेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या ढाली करवून घेतल्या. राजा परमेश्वराच्या मंदिरात जाई तेव्हा पहारेकरी त्या हातात धरून बरोबर चालत, आणि तो परतला की त्या पुन्हा पहारेकऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवत. १ राजे १४ मध्ये हे एवढ्या तपशिलाने लिहून ठेवले आहे.

मी ते पहारेकरी डोळ्यांपुढे आणते. ढाल उचलायची, चालायचे, परत ठेवायची. पितळ आहे हे त्यांना माहीत, राजालाही माहीत. मिरवणूक तशीच चालू. सतरा वर्षांच्या कारकिर्दीतली उरलेली बारा वर्षे.

शखेममध्ये मागितले गेले होते ते जू हलके करणे. नव्या करारात तो शब्द पुन्हा येतो तेव्हा बोलणारा दुसराच आहे, येशू: अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या, माझे जू सोयीचे आहे. 'सोयीचे' साठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, ख्रेस्तोस, तोच इफिसकरांस ४:३२ मध्ये 'दयाळू व्हा' असे सांगताना वापरला आहे. दयाळू जू. धनीपण राहते, काम राहते, खांद्यावर काहीतरी असतेच. पण ते ठेवणारा मनाचा सौम्य व लीन आहे.

मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना रहबामाचे नाव गाळलेले नाही. पहिल्या अध्यायाच्या सातव्या वचनात ते आहे. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात हा रहबामाचा वंशज वाटचालीने दमून सूखारजवळ याकोबाच्या विहिरीपाशी बसतो. याकोबाने योसेफाला दिलेल्या जमिनीजवळची ही जागा, शखेमच्या अगदी लगतची. योसेफाची हाडे शखेमलाच पुरली होती. उत्तर आणि दक्षिण इथेच फुटली होती आणि त्या वैराला शतके लोटली होती. भर दुपारी पाणी भरायला एक शोमरोनी, म्हणजे त्या उत्तरेकडची, बाई येते. तो तिला म्हणतो, "मला प्यायला दे."

माझी ती सहकारी आता दुसरीकडे असते. मागच्या वर्षी मी तिला फोन करून क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, तो अर्ज अजून आहे माझ्याकडे."